खिडकीतून येणारे ऊन : सौर उष्णतालाभाच्या गणिताची वाटचाल

पॅरिस येथे १९३३ सालच्या डिसेंबर महिन्यात ‘सिते द रफ्यूज’ नावाच्या एका इमारतीचे समारंभपूर्वक उद्‌घाटन झाले. निराश्रितांच्या निवाऱ्यासाठी मुक्तिफौजेने ती बांधविली होती व तिचा आराखडा ल कॉर्ब्युझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने केला होता. तिच्या दक्षिणेकडील दर्शनी भागावर जवळजवळ एक हजार चौरस मीटर काच बसविलेली होती आणि ती पूर्णपणे बंद होती. मूळ कल्पनेप्रमाणे ही काच दुहेरी असावयाची होती, तिच्या दोन पदरांमधून ठराविक तापमानाची हवा खेळती राहावयाची होती आणि आतील हवा यंत्राच्या साहाय्याने उन्हाळ्यात थंड व्हावयाची होती. प्रत्यक्षात पैसा अपुरा पडला. काच एकेरी बसली आणि शीतनाची यंत्रणा आलीच नाही. हिवाळा सुखाने गेला, परंतु उन्हाळा येताच त्या काचेमागील खोल्या असह्य तापू लागल्या. बंद काचेत उघडणाऱ्या खिडक्या बसविणे पुढे भाग पडले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच दर्शनी भागावर ऊन अडविणाऱ्या काँक्रीटच्या पडद्या उभारण्यात आल्या.

ही हकीकत वास्तुकलेच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली जाते व तिचा दोष बहुधा वास्तुशिल्पज्ञाच्या हट्टाकडे दिला जातो. तथापि तिला दुसरीही एक बाजू आहे. अमुक दिशेच्या, अमुक क्षेत्रफळाच्या काचेतून अमुक महिन्यात अमुक वाजता किती उष्णता खोलीत येईल, आणि त्यामुळे खोलीतील हवा केव्हा व किती तापेल, हे इमारत उभी राहण्यापूर्वी आकड्यांत सांगू शकेल असे सर्वमान्य गणित त्या काळी अभियंत्यांच्या हाती नव्हते. ते पुढील सुमारे सत्तर वर्षांत घडत गेले. आज इमारतींच्या ऊर्जावापराचे संगणकावर सदृशीकरण करणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाच्या पोटात हे गणित असते आणि त्याच्या उत्तरावर काचेची निवड, शीतनयंत्राचा आकार व विजेचा खर्च ठरतो. या गणिताच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. खिडकीतून मिळणारी उष्णता हा एकट्या काचेचा गुण नव्हे. सूर्य, काच आणि खोली या तिघांच्या परस्परसंबंधातून ती निर्माण होते. व्यवहाराच्या सोयीसाठी हा संबंध एका आकड्यात बसविण्याचा प्रयत्न वारंवार झाला आणि प्रत्येक वेळी त्या तिघांपैकी कोणीतरी हिशेबातून निसटले.

काचेमागे ऊन साठते, हे माळ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे पद्धतशीर मापन जिनीव्हा येथील होरास-बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये आरंभिले. काचेची झाकणे एकावर एक बसविलेल्या पेटीत त्याने तापमापक ठेवला आणि उन्हात पेटीच्या आतील तापमान किती चढते ते पाहिले. पुढे सुधारलेल्या, उष्णतारोधक अस्तराच्या पेटीत ते पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेले. १७७४ मध्ये त्याने अशीच पेटी आल्प्समधील क्रामाँ या शिखरावर नेली. तेथील हवा दरीतील हवेपेक्षा पुष्कळच थंड होती, तरीही पेटीच्या आतील तापमान जवळजवळ तेवढेच चढले. पेटी तापते ती भोवतालच्या हवेमुळे नव्हे, सूर्यप्रारणामुळे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. जोसेफ फूरिये याने १८२४ मध्ये पृथ्वीच्या तापमानाची मीमांसा करताना सोस्यूरच्या पेटीचा आवर्जून उल्लेख केला आहे.

काच सूर्यप्रारण आत सोडते, परंतु तापलेल्या वस्तूंनी सोडलेले प्रारण बाहेर जाऊ देत नाही, या भेदाचे प्रायोगिक अध्ययन इटालियन भौतिकीविज्ञ मासेदोनियो मेलोनी याने १८३० नंतरच्या दशकात केले. वेगवेगळ्या उगमांची उष्णता वेगवेगळ्या पदार्थांतून किती पार होते, हे त्याने नाजूक विद्युत्‌मापकाच्या साहाय्याने मोजले. सैंधवातून जवळजवळ सर्व प्रकारची उष्णता पार होते, काचेतून मात्र उगमाच्या तापमानानुसार कमीअधिक प्रमाणात पार होते, असे त्याला आढळले. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर सूर्याच्या प्रारणातील बहुतेक ऊर्जा ०.३ ते २.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात असते व साधी काच त्या पट्ट्यात पारदर्शक असते. खोलीतील भिंती व सामान यांचे प्रारण सुमारे १० मायक्रोमीटरच्या आसपास तीव्रतम असते आणि त्याला काच अपारदर्शक असते.

याच सुमारास प्रकाशशास्त्राकडून दुसरा धागा आला. ऑग्युस्तँ फ्रेनेल याने १८२० नंतरच्या काही वर्षांत पारदर्शक पृष्ठभागावरून किरणांचे किती परावर्तन होते याची सूत्रे बसविली. किरण पृष्ठभागाशी काटकोनात आला असता परावर्तन अल्प असते. तो जसजसा तिरपा होतो तसतसे ते आधी सावकाश आणि मग झपाट्याने वाढते. साध्या काचेचा प्रणमनांक सुमारे १.५ असतो. त्यावरून प्रत्येक पृष्ठभागावर सरळ किरणाचा केवळ ४ टक्क्यांच्या आसपास भाग परत फिरतो. परंतु काचेला दोन पृष्ठभाग असतात आणि किरण त्यांच्या मध्ये पुनःपुन्हा मागेपुढे होतो. ज्यांत ही पुनरावृत्ती व अंतर्गत शोषण दोन्ही धरले आहेत असे अनेक काचांच्या चळतीचे गणित जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स याने १८६२ मध्ये मांडले. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचेविषयीचे मूलभूत भौतिकज्ञान बहुतांशी सिद्ध झालेले होते. ते खिडकीपर्यंत पोहोचण्यास मात्र आणखी सत्तर वर्षे लागली, कारण खिडकीचा हिशेब करण्याची निकड कोणाला वाटत नव्हती. खोली तापली तर खिडकी उघडावी अथवा पडदा ओढावा, हाच तोपर्यंतचा उपाय होता.

ही निकड उत्पन्न केली यांत्रिक शीतनाने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत अमेरिकेतील नाट्यगृहे, दुकाने व कचेऱ्या यांत वातानुकूलन येऊ लागले आणि यंत्र केवढे घ्यावे हा प्रश्न रोकड्या पैशाचा झाला. यंत्र लहान पडले तर ग्राहक नाराज होई. मोठे घेतले तर भांडवल वाया जाई. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन तापन व वायुवीजन अभियंता संस्थेने १९१९ पासून पिट्‌सबर्ग येथे स्वतःची संशोधनशाळा चालविली होती. तेथे एफ. सी. हाउटन व त्यांचे सहकारी यांनी १९३० च्या सुमारास सूर्यप्रारणाकडे लक्ष वळविले. पृष्ठभागांचा रंग व कोन यांचा शोषणावरील परिणाम त्यांनी अभ्यासला आणि १९३४ मध्ये उघड्या व आच्छादित खिडक्यांतून येणाऱ्या सौर उष्णतेविषयीचे मापन प्रसिद्ध केले. पॅरिसमधील ती काचेची इमारत आपला पहिला उन्हाळा सोसत होती ते हेच वर्ष होय.

सूर्याकडील बाजूचे ज्ञानही याच वेळी अभियंत्यांच्या उपयोगाचे होऊ लागले. सूर्यप्रारणाची तीव्रता मोजण्याचे काम खगोलशास्त्रज्ञांनी व हवामानशास्त्रज्ञांनी पूर्वीच हाती घेतले होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील पॅरी मून यांनी १९४० मध्ये त्या निरीक्षणांवरून अभियांत्रिकी उपयोगासाठी सौर वर्णपटाचे प्रमाणभूत वक्र सुचविले. १९५८ मध्ये थ्रेल्केल्ड व जॉर्डन यांनी निरभ्र दिवशी मिळणाऱ्या थेट प्रारणाचा हिशेब दिला. त्यातून, सूर्याची क्षितिजापासूनची उंची माहीत असली की थेट किरणांची तीव्रता एका साध्या घातीय सूत्राने काढावयाची, ही पुढे सर्वत्र रूढ झालेली पद्धत निघाली. तिच्यातील स्थिरांक अर्थातच अमेरिकेतील निरभ्र आकाशाचे होते.

काचेच्या बाजूने निर्णायक काम जॉर्ज पार्मली यांचे होय. संस्थेची संशोधनशाळा पिट्‌सबर्गहून क्लीव्हलंड येथे गेल्यानंतर त्यांनी काचेमागे उष्णतामापक पेटी ठेवून प्रत्यक्ष उन्हात अनेक मोजमापे घेतली. सपाट काचेच्या पारगमनासंबंधीचा त्यांचा लेख १९४५ चा असून त्यानंतर काचेच्या विटा, छायेतील काच व पट्ट्यांचे पडदे यांवरील लेख १९५३ पर्यंत येत राहिले. या कामातून खिडकीच्या हिशेबाला त्याचे आजचे स्वरूप आले. काचेवर पडलेल्या ऊर्जेचे तीन भाग होतात. एक परावर्तित होतो, एक सरळ आत जातो आणि एक काचेतच शोषला जातो. शोषलेल्या भागाने काच तापते व ती उष्णता दोन्ही बाजूंना वाटली जाते. कोणत्या बाजूला किती जाईल हे आतील व बाहेरील पृष्ठभागांवरील अभिसरण व प्रारण यांवर, म्हणजे वाऱ्यावरही, अवलंबून असते. म्हणून आत येणारी एकूण सौर उष्णता म्हणजे सरळ पार झालेला भाग, अधिक शोषलेल्या भागातील आत वळणारा अंश. उन्हाळ्यासाठी रूढ असलेल्या वाऱ्याच्या मानाने एकेरी काचेच्या बाबतीत हा अंश सुमारे २७ टक्के धरला जातो. ३ मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेचे पारगमन ०.८६ व शोषण ०.०६ धरल्यास एकूण लाभ सुमारे ०.८७ येतो. या एका आकड्याचे पुढे फार मोठे प्रस्थ माजले.

१९५९ मध्ये ही संस्था प्रशीतन अभियंत्यांच्या संस्थेशी एकरूप होऊन ‘अ‍ॅश्रे’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या हस्तपुस्तिकेत कचेरीत बसलेल्या अभियंत्यासाठी एक सुटसुटीत पद्धत रूढ झाली. साध्या एकेरी काचेतून प्रत्येक महिन्याच्या २१ तारखेस, प्रत्येक दिशेस, प्रत्येक तासाला किती उष्णता येते याची कोष्टके आठ-आठ अक्षांशांच्या अंतराने तयार करण्यात आली. इतर प्रत्येक काचेला व पडद्याला एक ‘छायागुणक’ देण्यात आला. साध्या काचेच्या मानाने त्या काचेतून किती पट उष्णता येते हे तो सांगे. साध्या काचेचा छायागुणक १. रंगीत, उष्णताशोषक काचेचा त्याहून कमी. कोष्टकातील आकडा, छायागुणक व क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की उत्तर हाती येई. कागद, पेन्सिल व गणकपट्टी यांच्या युगात या पद्धतीचे मोल फार होते व तिने असंख्य इमारतींची यंत्रे ठरविली.

तिच्यातील गृहीत मात्र सूक्ष्म होते. किरणाच्या कोनाचा परिणाम साध्या एकेरी काचेसाठी कोष्टकात आधीच धरलेला होता. छायागुणक स्थिर मानणे म्हणजे इतर सर्व काचा तिरप्या किरणाला साध्या एकेरी काचेप्रमाणेच वागतात असे मानणे होय. स्वतः साध्या काचेचेच पाहिले तर सरळ किरणासाठी तिचा लाभ ०.८६ च्या आसपास असतो. ६० अंशांच्या आपतनकोनाला तो ०.७८, ७० अंशांना ०.६७ आणि ८० अंशांना केवळ ०.४२ उरतो. दोन अथवा तीन काचांच्या खिडकीत ही घसरण अधिक लवकर सुरू होते. जोवर बहुतेक खिडक्या एकेरी होत्या तोवर ही चूक लहान होती. परंतु तिघांपैकी सूर्य आणि काच यांचा कोनाच्या द्वारे होणारा संबंध या सोयीत झाकला गेला होता, हे नाकारता येत नाही.

तिसरा घटक जो खोली, त्याची दखल वेगळ्याच मार्गाने घेतली गेली. काचेतून आत आलेले ऊन हवेला लगेच तापवीत नाही. ते प्रथम जमिनीवर, भिंतींवर व सामानावर पडते, त्यांत शोषले जाते, आणि ते पदार्थ तापल्यानंतर सावकाश हवेला मिळते. म्हणून खिडकीतून येणारी उष्णता आणि यंत्रावर पडणारा भार या एकाच क्षणी समान असणाऱ्या राशी नव्हेत. मॅकी व राइट यांनी १९४४ व १९४६ मध्ये भिंती-छपरांतील आवर्ती उष्णताप्रवाहाचे गणित देऊन या विलंबाचा अभ्यास पुढे नेला होता. तो खोलीला लागू करण्याचे श्रेय कॅनडातील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या इमारत-संशोधन विभागात काम करणारे डी. जी. स्टीफन्सन व जी. पी. मिटालास यांना जाते.

ओटावा येथील या दोघांच्या कामाचा ओघ प्रथमपासून संगणकाच्या दिशेने होता. स्टीफन्सन यांनी १९६५ मध्ये खिडक्यांतून होणाऱ्या सौर उष्णतालाभाची समीकरणे प्रसिद्ध केली. कोष्टकात पाहण्याऐवजी सूर्याचे स्थान, प्रारणाची तीव्रता व काचेचे पारगमन ही सर्व सूत्रांनी काढता यावीत असा त्यांचा रोख होता. प्रत्येक तासाला फ्रेनेलची सूत्रे नव्याने सोडविण्याऐवजी पारगमन व शोषण ही आपतनकोनाच्या कोज्येची सहा पदांची बहुपदी म्हणून लिहिण्याची युक्ती या परंपरेत रूढ झाली. काचेचा प्रकार बदलला की केवळ सहगुणक बदलावयाचे. १९६७ मध्ये या दोघांनी खोलीच्या उष्णता-प्रतिसादाचे गुणक मांडले. आज दुपारी आलेले ऊन पुढील कोणत्या तासाला किती भार बनून प्रकट होईल, हे त्या गुणकांवरून सांगता येऊ लागले. अशा रीतीने तीनही घटक प्रथमच एका हिशेबात एकत्र आले.

पुढील दशकात परिस्थितीने या गणिताला अकस्मात महत्त्व दिले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इमारतीच्या संपूर्ण वर्षभराच्या ऊर्जेचा विचार अपरिहार्य झाला. यंत्राचा आकार ठरविण्यासाठी वर्षातील एक कडक दिवस पुरतो. वर्षाचे वीजबिल काढण्यासाठी ८,७६० तास लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तामामी कुसुदा यांनी उष्णता व शीतनभाराचा तासागणिक हिशेब करणारा कार्यक्रम तयार केला व त्याचा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच दशकात लष्करी बांधकाम संशोधनशाळेतून ‘ब्लास्ट’, बर्कली येथील प्रयोगशाळेच्या पुढाकाराने ‘डीओई-२’, विस्कॉन्सिन विद्यापीठातून ‘ट्रनसिस’ व स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातून ‘ईएसपी’ हे कार्यक्रम पुढे आले. ब्लास्ट व डीओई-२ यांच्या वारशातून २००१ मध्ये ‘एनर्जीप्लस’ निघाला.

कार्यक्रम अनेक झाले तेव्हा त्यांची उत्तरे जुळतात काय, हा प्रश्न ओघाने आला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सहकार्याने जुडकॉफ व नेमार्क यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बेस्टेस्ट’ ही परीक्षा यासाठीच रचलेली होती. तिच्यातील नमुना अगदी साधा आहे. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद व २.७ मीटर उंच अशी एक खोली, तिला दक्षिणेकडे १२ चौरस मीटर दुहेरी काच, आणि कोलोरॅडोमधील डेन्व्हरचे कोरडे, स्वच्छ उन्हाचे हवामान. हलक्या बांधणीच्या खोलीसाठी विविध कार्यक्रमांनी दिलेला वार्षिक तापनभार सुमारे ४.३ ते ५.७ आणि शीतनभार सुमारे ६.१ ते ८.० मेगावॉट-तास आला. जड बांधणीच्या त्याच खोलीसाठी तापनभार सुमारे १.२ ते २.० आणि शीतनभार सुमारे २.१ ते ३.४ इतका खाली आला. खिडकी तीच, काच तीच, ऊनही तेच. केवळ भिंती-जमिनींचे वस्तुमान बदलल्याबरोबर शीतनभार निम्म्याहून कमी झाला. काचेच्या एका गुणकावरून उष्णतेचे भवितव्य सांगता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. त्याचबरोबर, जाणत्या तज्ज्ञांनी चालविलेल्या कार्यक्रमांतही चौथ्या हिश्श्याइतका फरक पडू शकतो, हेही या परीक्षेने दाखवून दिले. पुढे २००१ मध्ये अ‍ॅश्रेने तिला प्रमाणकाचे रूप दिले.

दरम्यान काचच बदलली होती. १९८० च्या सुमारास धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेल्या, खोलीचे दीर्घतरंगी प्रारण परत फिरविणाऱ्या काचा बाजारात आल्या. पुढे दृश्य प्रकाश आत सोडणारे परंतु अवरक्त ऊन अडविणारे थर निघाले. अशा काचेचे वर्तन तरंगलांबीगणिक निराळे, कोनागणिक निराळे आणि थर कोणत्या पृष्ठभागावर आहे त्यानुसारही निराळे असते. तिला साध्या एकेरी काचेच्या पटीत व्यक्त करणे अवघड होऊ लागले. बर्कली येथील खिडकी-संशोधन गटाने थराथराचा व कोनाकोनाचा हिशेब करणारा ‘विंडो’ हा कार्यक्रम विकसित केला. त्याच गटाने नेव्हाडातील रीनो येथे चालविलेल्या फिरत्या परीक्षण-केंद्रात दोन खोल्यांएवढ्या उष्णतामापक कोठड्या शेजारी शेजारी ठेवून दोन खिडक्यांची प्रत्यक्ष हवामानात तुलना करता येई. डीओई-२ च्या १९९३ च्या आवृत्तीपासून या कार्यक्रमातील काचांचे कोननिष्ठ गुणधर्म इमारतीच्या सदृशीकरणात थेट घेता येऊ लागले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन खिडकी-मूल्यांकन परिषदेने व अ‍ॅश्रेने याच दशकात छायागुणकाला निरोप देऊन ‘सौर उष्णतालाभ गुणक’ स्वीकारला. या गुणकाला साध्या काचेचा आधार लागत नाही. खिडकीवर पडलेल्या प्रारणापैकी कितवा भाग उष्णता म्हणून आत आला, हे तो सरळ सांगतो. वस्तुतः तो कोनागणिक बदलतो. तथापि खिडकीच्या चिठ्ठीवर जो छापला जातो तो सरळ किरणाचा एकच आकडा होय.

भारतापुरते पाहिले तर या गणितातील पहिला अडसर सूर्याच्या बाजूचा होता. परदेशी कोष्टकांतील निरभ्र आकाश हे भारतातील धूळ, दमटपणा व पावसाळी ढग यांचे आकाश नव्हे. या उणिवेच्या निवारणात पुण्याचा वाटा मोठा आहे. भारतीय हवामानखात्याच्या पुणे येथील उपकरण विभागात अ‍ॅना मणी यांनी १९४८ पासून हवामानविषयक उपकरणांची निर्मिती व प्रमाणीकरण यांचे काम केले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशात सूर्यप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. त्या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. इमारतींच्या अंगाने रूरकी येथील केंद्रीय इमारत-संशोधन संस्थेने भारतीय शहरांसाठी हवामान व सूर्यप्रारण यांची आकडेवारी तयार केली. या दोन्ही प्रयत्नांवाचून भारतीय खिडकीचे सदृशीकरण हे उसन्या उन्हावर चालले असते.

अक्षांशाचा फरकही दुर्लक्षणीय नाही. डेन्व्हर येथे २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य सुमारे ७४ अंश उंच असतो. दक्षिणेच्या उभ्या काचेवर त्याचे किरण तितक्याच तिरप्या कोनाने येतात व त्यांतील मोठा भाग परत फिरतो; हिवाळ्यात तोच सूर्य २७ अंशांवर उतरून खोलीत खोलवर शिरतो. पुण्यास मात्र मेच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो आणि २१ जूनला तर तो उत्तरेकडे कललेला असतो; दक्षिणेच्या खिडकीला त्या वेळी थेट ऊन मिळतच नाही. याउलट विषुवदिनी, स्थानिक सौर वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास, पश्चिमेच्या खिडकीवर किरण केवळ ३० अंशांच्या कोनाने पडतात, म्हणजे जवळजवळ संपूर्ण लाभ देतात. महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या पश्चिमेला दिसणाऱ्या ओसरी-पडव्यांचा गुण या आकड्यांतून चांगला उमगतो. ल कॉर्ब्युझिएनेही पॅरिसचा धडा गिरवून अहमदाबाद येथील गिरणीमालक संघाच्या १९५४ मध्ये पुऱ्या झालेल्या इमारतीला काँक्रीटच्या खोल सूर्यरोधक पडद्या दिल्या होत्या.

२००७ मध्ये भारतात इमारतींसाठी ऊर्जासंधारण संहिता आली. उष्ण-दमट प्रदेशात, भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत खिडक्या असल्यास सौर उष्णतालाभ गुणकाची कमाल मर्यादा तिने ०.२५ ठेवली, तसेच सज्जा व बाजूच्या पडद्या यांच्या खोलीनुसार, दिशेनुसार व अक्षांशानुसार त्या गुणकात दुरुस्ती करण्याची सोय दिली. संहितेला एक तपासता येण्याजोगा आकडा हवा असतो, हे उघड आहे. परंतु त्या आकड्याबरोबर सज्ज्याची व दिशेची दुरुस्ती ठेवावी लागली, यावरूनच तो आकडा एकटा अपुरा आहे याची कबुली मिळते.

आता या इतिहासाला एक चमत्कारिक वळण मिळाले आहे. आजच्या संगणकाला प्रत्येक थराचा, प्रत्येक कोनाचा व प्रत्येक तासाचा हिशेब सहज झेपतो. तथापि आराखड्याच्या आरंभी काच ठरलेली नसते अथवा कारखान्याकडून तिच्या थरांची माहिती मिळत नाही. हाती असतात ते चिठ्ठीवरचे दोन-तीन आकडे. या अडचणीवर तोड म्हणून आरास्टेह, कोहलर व ग्रिफिथ यांनी २००९ मध्ये एक साधे प्रतिमान सुचविले व ते एनर्जीप्लसमध्ये समाविष्ट झाले. उष्णतासंक्रमण व सौर उष्णतालाभ यांच्या गुणकांवरून ते एक काल्पनिक काच रचते आणि तिच्या कोननिष्ठ वर्तनासाठी आधीच ठरविलेल्या वक्रांतून योग्य तो निवडते. प्रतिमान प्रामाणिक आहे व त्याच्या मर्यादा त्याच्या कर्त्यांना ठाऊक आहेत. पण आकडा भरणाऱ्याला त्या ठाऊक असतीलच असे नाही. छायागुणकाच्या काळी कोष्टक उघडावे लागे व त्यात दिशा, महिना आणि तास डोळ्यांसमोर दिसत. आज एक दशांश भरला की ८,७६० तासांची उत्तरे नीटस आलेखांत हजर होतात आणि त्यांच्या तळाशी कोणते गृहीत दडले आहे ते दिसत नाही.

यावरून एक आकड्याची पद्धत त्याज्य ठरत नाही. व्यवहार, बाजार व कायदा यांना तिच्यावाचून चालत नाही आणि काचा एकमेकींशी ताडून पाहण्यास ती योग्यच आहे. मात्र काचांची तुलना करणारा आकडा आणि खोलीचे भाकीत करणारे गणित या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली की चूक खिडकीत राहत नाही. ती त्या खिडकीमागे बसणाऱ्याच्या वाट्याला येते. ‘सिते द रफ्यूज’मध्ये ती निराश्रितांच्या वाट्याला आली होती. सोस्यूरच्या पेटीपासून आजच्या सदृशीकरणापर्यंतच्या अडीच शतकांचे फलित म्हणजे ती चूक आता इमारत उभी राहण्यापूर्वी कागदावर पकडता येते. अट एवढीच की सूर्य, काच आणि खोली या तिघांनाही हिशेबात त्यांची जागा दिली गेली पाहिजे.